तिला कुणी विचारलं नव्हतं

परळ, २७ नोव्हेंबर १९७३. मंगळवार. दुपार कलली आहे आणि तुम्ही केईएम रुग्णालयाच्या आवारात उभे आहात. आसपासच्या गिरण्या चालू आहेत. पाळी सुटली की भोंगा होतो आणि रस्ता माणसांनी भरून जातो. ओपीडीबाहेर कोकणातून, घाटावरून आलेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसली आहेत. या काळात यायची एक अट आहे. तुम्हाला बघता येईल, ऐकता येईल; पण कुणाला अडवता येणार नाही की सावध करता येणार नाही.

ती तुमच्या समोरूनच जाते. पांढरा गणवेश, वय पंचवीस. अरुणा शानबाग. उत्तर कन्नडातल्या हळदीपूरहून ती मुंबईला आली, नर्स झाली. सध्या कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग होतात त्या विभागात तिचं काम आहे. एका डॉक्टरशी लग्न ठरलंय. ड्यूटी संपली म्हणून कपडे बदलायला ती तळघराकडे वळते. तिथे रुग्णालयाचाच एक सफाई कामगार तिच्यावर राग धरून थांबलेला आहे.

पुढचं मी सविस्तर सांगणार नाही, तुम्हीही बघू नका. तिच्यावर बलात्कार झाला. कुत्रा बांधायच्या साखळीने तिचा गळा आवळला गेला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली तेव्हा जिवंत होती, पण त्या दिवसापासून ती पुन्हा कधी कुणाशी बोलली नाही. गुन्हा नोंदला गेला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. बलात्काराचं कलम लागलंच नाही. गुन्हेगाराला सात वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला.

समजा अट थोडी सैल झाली आणि तुम्हाला एकच दिवस आधी, नर्सेसच्या मेसमध्ये तिच्याशेजारी बसता आलं. सावध करायचं नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा: बाई, उद्या तुला बोलता येईनासं झालं, दिसेनासं झालं, हलता येईनासं झालं, तर तुझं काय करावं? लग्नाच्या उंबरठ्यावरच्या मुलीला असं कोण विचारतं? आपल्याकडे तोंडातून असा शब्द निघाला तरी घरातलं मोठं माणूस म्हणतं, अभद्र बोलू नकोस. तेव्हा तो प्रश्न कुणी विचारला नाही. पुढची बेचाळीस वर्षं देशातले डॉक्टर, वकील, पत्रकार आणि न्यायाधीश त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या वतीने द्यायला धडपडले.

आता वॉर्ड नंबर चारमध्ये या. इथे तुम्हाला जास्त वेळ थांबायचं आहे. बाहेरचे सगळे वाद या खोलीवरून झाले, पण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोडे इथे येऊन बसले होते.

खाटेवर ती आहे. मनगटं आणि बोटं आखडून वळलेली. डोळे उघडे, पण मेंदूला झालेल्या इजेमुळे दृष्टी गेलेली. सकाळची सिस्टर येते, अंग पुसते, पाठ कोरडी करते, कूस बदलते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळच्या वेळी बदलली नाही तर कंबरेवर, टाचेवर कातडी लाल होते, मग फुटते, मग जखम हाडापर्यंत जाते. ज्यांच्या घरात कुणी असं पडून राहिलं, त्यांना त्या जखमेचा वास माहीत आहे. या खाटेवर चार दशकांत तशी एकही जखम झाली नाही. ही गोष्ट रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितली आणि मला ती वैद्यकशास्त्रातल्या एखाद्या मोठ्या शोधाइतकीच मोलाची वाटते. त्यासाठी यंत्र नव्हतं, महाग औषध नव्हतं. पाळीमागून पाळी कुणीतरी न विसरता आलं, एवढंच.

मग जेवण. कुस्करलेलं अन्न चमच्याने. ओठाला चमचा लागला की तोंड उघडतं. मांसाहारी जेवण तिला आवडतं असं सिस्टर सांगतात. कॅसेटवर भक्तिगीतं लागलेली असतात. मध्येच ती आवाज करते आणि सिस्टर उठते. लघवीला झालं असेल, पोट जड झालं असेल. त्याच आवाजाने बाहेरून आलेल्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो: ही केवढं सोसतेय, हिला कुणी सोडवत का नाही? आवाज एकच होता. कोण ऐकतंय त्यावर त्याचा अर्थ बदलत होता आणि तिच्याकडून खुलासा होणार नव्हता.

वर्षं भराभर जाऊ द्या. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी सुरक्षिततेसाठी संप केला, तो तुम्ही बघितलात. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो काही काळ येत राहिला, मग थांबला. त्याला बोल लावू नका. नातेवाइकांची येजा विरळ झाली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि परळचे भोंगे गप्प झाले. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला इथून हलवायचं ठरवलं, कारण खाट अडून राहिली होती. नर्सेस आडव्या आल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. तिच्या बरोबरच्या मुली निवृत्त होत गेल्या. नव्या आलेल्या प्रत्येक तुकडीला या खोलीत आणून ओळख करून दिली जाई: ही आपल्यातली. तिच्यावर हल्ला झाला तेव्हा ज्या जन्मल्याही नव्हत्या, त्या तिचे केस विंचरत होत्या.

आता तिला इथेच राहू द्या आणि वर्ध्याजवळ पवनारला चला. नोव्हेंबर १९८२. धाम नदीच्या काठी, ब्रह्मविद्या मंदिरात सत्त्याऐंशी वर्षांचे विनोबा पडून आहेत. काही दिवसांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला. उपचार सुरू झाले, प्रकृती जरा सावरली आणि मग त्यांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही बंद केलं. डॉक्टर आर्जवं करतात. विनोबा मान हलवून नाही म्हणतात. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ते गेले. त्याआधी १९६६ मध्ये, केईएमपासून फार लांब नाही अशा शिवाजी पार्कजवळच्या आपल्या घरी सावरकरांनी १ फेब्रुवारीपासून अन्न आणि औषध सोडलं आणि २६ फेब्रुवारीला देह ठेवला. आयुष्यभराच्या विचारांत दोघांचं क्वचितच जमलं असतं. मरणाच्या बाबतीत मात्र दोघांनीही एकच गोष्ट केली: आता पुरे, असं स्वतःच्या तोंडाने, शुद्धीत सांगितलं. त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न कलम ३०९ खाली गुन्हा होता. विनोबांच्या उशाशी ते कलम घेऊन कुणी गेलं नाही. महाराष्ट्राने हात जोडले.

पवनारची ती खोली आणि परळची ही खोली, दोन्ही १९८२ सालच्या. एका खोलीतल्या माणसाने चमचा नाकारला, तर त्याला प्रायोपवेशन म्हणून मान मिळाला. दुसऱ्या खोलीतल्या बाईने ओठाला चमचा लागताच तोंड उघडलं. ती तिची इच्छा होती की मज्जातंतूंची नुसती प्रतिक्रिया? दयामरणाचा सगळा वाद या एका ठिकाणी येऊन अडतो. ज्याला बोलता येतं त्याच्यापुरता प्रश्न तुलनेने सोपा आहे. त्याचं ऐकायचं. अर्थात त्याआधी त्याच्या वेदना कमी करायच्या, त्याला एकटं सोडायचं नाही, आणि ‘मी तुम्हाला ओझं झालोय’ या भावनेतून तो बोलत नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासायचं.

मुंबईत तेव्हा या विषयाला तोंड फुटलेलं होतं. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी इथे संस्था काढली. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात डोकावा. डोक्याला मार लागून मानसिक आजारी झालेल्या एका पोलीस शिपायाने महापालिकेच्या दारात अंगावर रॉकेल ओतून घेतलं होतं आणि त्याच्यावर कलम ३०९ लागलं होतं. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. त्याला उपचार हवेत, तुरुंग कशाला, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी ती उलटवली: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मात्र मृत्यू सुरूच झालेला असेल तर तो सन्मानाने यावा, ही फट त्यांनी उघडी ठेवली.

त्याच १९८६ मध्ये वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात, शांती अवेदना सदन सुरू झालं. बरा न होणारा कर्करोग झालेल्यांना शेवटच्या दिवसांत सांभाळणारं हे देशातलं पहिलं केंद्र. इथे घटकाभर बसा. ज्याला कालपर्यंत मरण हवं होतं त्याची कळ मॉर्फीनने थांबली की तो चहा मागतो. पण ते मॉर्फीन अमली पदार्थांच्या कायद्याच्या जाचामुळे गावोगावच्या रुग्णांपर्यंत पोहोचत नव्हतं. तो कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं. मरणाच्या हक्कावर अग्रलेख लिहिले गेले, पण कळ थांबवण्याच्या हक्कावर आपण फार कमी बोललो, याचं मला वाईट वाटतं.

आता दिल्ली. २ मार्च २०११, सर्वोच्च न्यायालय. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांच्यासमोर पडदा लावलाय. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणावर १९९८ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. २००९ मध्ये तिच्या वतीने त्या इथे आल्या. मागणी अशी: हिला भरवणं थांबवा, शांतपणे जाऊ द्या. त्यांच्या बाजूने वकील शेखर नाफडे उभे आहेत. न्यायालयाने मुंबईचे तीन डॉक्टर नेमले होते: टाटाचे जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजाचे रूप गुरसहानी आणि सायनचे नीलेश शहा. त्यांनी वॉर्ड नंबर चारमध्ये जाऊन तिला तपासलं, चित्रफीत काढली, आणि ती फीत आता भर न्यायालयात दाखवली जातेय, सगळ्यांना दिसावी म्हणून.

दिवे मंद होतात. पडद्यावर तीच खाट. सप्टेंबर २०१० मध्ये मलेरिया झाल्यापासून तिचं तोंडाने खाणं कमी झालंय आणि नाकातून पोटात नळी घातली आहे. खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते, हात लावून थोपटलं की शांत होते. आजूबाजूच्या जगाची तिला जाणीव असल्याचं दिसत नाही, असं डॉक्टरांचं मत आहे. ती ब्रेन डेडही नाही. श्वास स्वतःचा, हृदय स्वतःचं. व्हेंटिलेटर नाही की जो बंद करावा. थांबवण्यासारखं होतं ते फक्त अन्न.

तुम्ही कुणाच्या बाजूला बसाल? मी त्या सभागृहात दोन्ही बाजूंना बसून पाहतो. विराणी यांचं म्हणणं ऐकताना पटतं की सदतीस वर्षं कुणीतरी असं पडून राहणं हे जगणं नव्हे, आणि आपल्या मनाच्या समाधानासाठी दुसऱ्याचा देह चालू ठेवायचा हक्क आपल्याला नाही. केईएमचं म्हणणं ऐकताना आठवतं की जे हात रोज भरवतात त्यांना ‘उद्यापासून भरवू नका’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं. उपासमारीने तिचा जीव जाताना खाटेशी उभं कोण राहणार? न्यायालय तर नाही. त्याच सिस्टर.

७ मार्चला निकाल आला. न्या. काटजूंनी तो गालिबच्या शेराने सुरू केला. याचिका फेटाळली. तिच्या वतीने बोलायचा हक्क विराणींचा नाही, इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. ती जगावी असं ते म्हणतात. पुढे कधी त्यांचं मत बदललं तर उच्च न्यायालयात जावं. आणि याच निकालाने देशात पहिल्यांदा दार उघडलं: विषारी सुई टोचून मारणं गुन्हाच राहील, पण जो परत येणार नाही अशाचा कृत्रिम आधार, उच्च न्यायालयाच्या परवानगीने आणि डॉक्टरांच्या मंडळाच्या अहवालावरून, काढून घेता येईल. परळला नर्सेसनी मिठाई वाटली.

त्या मिठाईवर तेव्हा टीका झाली. मी ती करणार नाही. न्यायालयाने केलं ते योग्यच केलं, कारण ती काय म्हणाली असती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना जिवाच्या बाजूने झुकणं बरं. पण ज्यांनी प्रेमाने सांभाळलं त्यांना तिच्या मनातलं कळलं होतं, असं मी मानत नाही. प्रेमाने सेवा करता येते. प्रेमाने दुसऱ्याच्या मनातलं उत्तर वाचता येत नाही. आपल्या घरांत नेमका हाच घोटाळा होतो. आईला काय हवंय हे मुलाला माहीत असतंच, असं आपण धरून चालतो. अतिदक्षता विभागाबाहेर तिघं भावंडं जमतात आणि तिघांना तीन वेगवेगळ्या आया माहीत असतात.

मे २०१५. केईएमचा अतिदक्षता विभाग. अरुणाला न्यूमोनिया झालाय. ज्या बाईच्या नावाने या देशात कृत्रिम आधार काढण्याचा पहिला नियम झाला, तिला आता व्हेंटिलेटर लावलाय. १८ मे रोजी ती गेली. सदुसष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. भोईवाड्याच्या स्मशानभूमीत गर्दी झाली आणि गर्दीतल्या बायका रडत होत्या त्या रक्ताच्या नात्याच्या नव्हत्या.

९ मार्च २०१८ ला पुन्हा त्याच न्यायालयात या. यावेळी पाच न्यायाधीश, ‘कॉमन कॉज’ या संस्थेची २००५ पासूनची याचिका. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि आपलं म्हणणं आधीच लिहून ठेवायचा अधिकार प्रत्येक सज्ञान माणसाला आहे, असं त्यांनी ठरवलं. अरुणाच्या निकालात ग्यान कौर खटल्याचा अर्थ चुकीचा लावला गेला होता, हेही सांगितलं. पण त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, जिल्हाधिकाऱ्याने वैद्यकीय मंडळ नेमायला हवं, असे नियम घातले की ते पाळणं जवळजवळ अशक्य झालं. मग २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच ते सोपे केले. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रुग्णालयातच डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत देतात आणि मग दंडाधिकाऱ्याला कळवलं जातं.

आता या, आजच्या दिवसात. कुठल्याही शहरातला आयसीयू. काचेपलीकडे नळ्या, अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर घरची माणसं. डॉक्टर म्हणतात, आशा नाही. पण मशीन काढतो असं म्हणायला ते धजत नाहीत. बिल वाढत जातं. शेवटी कुणीतरी हळूच सुचवतं, डामा घ्या. म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेतो असं लिहून सही करा. मग मुलगा सही करतो, रुग्णवाहिकेत धापा टाकणाऱ्या बापाला घरी नेतो आणि आपणच त्याला मारलं हे मनात धरून पुढची वीस वर्षं काढतो. हे देशभर रोज घडतं आणि यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे.

ज्यांना दयामरण म्हटलं की लोभी वारस आठवतात, त्यांची भीती खोटी नाही. जमिनीसाठी भाऊ भावाला विचारत नाही अशा समाजात आपण राहतो. विधवा आत्या, अपंग मूल, पैसे संपलेला म्हातारा यांच्या वतीने ‘आता पुरे’ म्हणायला कितीजण टपलेले असतील! म्हणून तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, आधी लिहिलेलं असणं जास्त गरजेचं. त्या कागदावर ‘मला शेवटपर्यंत सगळे उपचार हवेत’ असंही लिहिता येतं, आणि ते लिहिणाऱ्याचं तेवढंच ऐकलं पाहिजे.

गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं; गोव्यातलं ते पहिलं. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिहिलं, ते जपून ठेवायला सरकारी अधिकारीच नाही हे पाहून जनहित याचिका केली, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे अधिकारी नेमले गेले.

तेव्हा एवढं करा. साध्या कागदावर लिहा की शुद्ध परत येण्याची आशा संपली तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत. नळीने अन्न चालेल की नाही. वेदना थांबवायचं औषध मात्र द्याच. आपल्या वतीने बोलायला विश्वासाच्या एकाहून अधिक माणसांची नावं घाला. दोन साक्षीदारांसमोर सही करा, नोटरीकडे साक्षांकित करून घ्या. एक प्रत नेमलेल्या माणसांकडे, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक महापालिकेच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. मत बदललं तर कागद कधीही बदलता येतो. आणि घरच्यांना विचारायच्या आधी तुमचं स्वतःचं लिहा, म्हणजे आईवडिलांना विचारताना त्यांना ते अभद्र वाटणार नाही.